रिकामा डबा कोणी आणीना

जुन्या गिऱ्हाईक दैवशालाबाई किराणा दुकानासमोरून गेल्या त्या पदर कपाळापर्यंत ओढून, मान खाली घालून, जणू गादीवर त्यांचे सासरेच बसलेत. दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि पिशव्यांवर बायपासच्या नव्या काचेच्या दुकानाचं नाव होतं. दुकानाचे मालक बद्रीनारायण शेठ यांनी ते पाहिलं. दुपारी पानावर बसून त्यांनी अर्धीच पोळी खाल्ली, तेव्हा पडद्याआडच्या त्यांच्या पत्नी चंदनबाईंना कळलं की प्रकरण साधं नाही. शेठजींनी अर्धी पोळी टाकली होती ती याआधी एकदाच, पाचशेची नोट बंद झाली त्या रात्री.

"दिवाळीपर्यंत बघतो," हात धुता धुता ते म्हणाले. "गिऱ्हाईक परत आलं तर ठीक. न्हाईतर पाडव्याला कुलूप, आणि आपण दोघं पुण्याला श्रेयांसकडं."

श्रेयांस म्हणजे त्यांचा मुलगा. तो नवव्या मजल्यावर राहतो. चंदनबाई तिथं एकदा राहून आल्या होत्या. गॅलरीतून खाली पाहिलं की माणसं जिऱ्याएवढी दिसायची. शेजारणीची बेल वाजवली तर ती आधी दाराच्या भोकातून बघायची आणि मग विचारायची, "पार्सल आहे का?" अंबडात चंदनबाईंनी कधी कुणाची बेल वाजवली नव्हती. मागच्या अंगणात उभं राहून "झुंबरबाई!" म्हटलं की भिंतीपलीकडून "आले, आले" व्हायचं, आणि हाक मारली नाही तरी झुंबरबाई यायच्याच. नवव्या मजल्यावर भिंतीपलीकडं नुसतं आभाळ होतं. आभाळाशी माणूस किती वेळ बोलणार?

त्यामुळे दुकान वाचणं ही शेठजींना धंद्याची गोष्ट वाटत असली तरी चंदनबाईंना ती शेजाराची गोष्ट होती. पण त्यांना विचारतो कोण? त्या स्वतः सून म्हणून या घरात आल्या तेव्हापासून दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा होता. पडदा तीनदा बदलला, शिवणारे शिंपी बदलले, पण चंदनबाई त्याच्या आतल्याच बाजूला राहिल्या.

तारणहार म्हणून उभी राहिली ती सून कनिका. ती मारवाड्यांच्या तीजेच्या सणाला पुण्याहून आली होती आणि तिचं काम लॅपटॉपवरच चालत असल्यामुळे इथंच थांबली होती. काम काय, तर मोठमोठ्या कंपन्यांची गिऱ्हाइकं पळून जाऊ नयेत म्हणून युक्त्या काढायच्या. चंदनबाई हे ऐकून थक्क झाल्या. माणसं टिकवण्याचा पगार मिळतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मिळत असता तर झुंबरबाई आज बंगल्यात राहिल्या असत्या.

"पापाजी, पॉइंट द्यायचे," कनिका म्हणाली. "गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर घ्यायचा, त्यावर एक ओटीपी येईल, तो आपल्याला सांगायचा, की झालं त्यांचं खातं. मग शंभराच्या मालावर एक पॉइंट."

पहिलं गिऱ्हाईक म्हणून झुंबरबाईंनाच धरून आणलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते समदं बराबर हाय. पण पॉइंट नेऊ कशात? मी पिशवी आणली न्हाई."

हे तरी परवडलं. दुसरं गिऱ्हाईक नंदाबाई निघाल्या. त्या महिला बचत गटाच्या अध्यक्षा. मागच्याच महिन्यात बँकेच्या साहेबांनी गटापुढं भाषण करून सांगितलं होतं की ओटीपी सख्ख्या नवऱ्यालासुद्धा सांगू नका. नंदाबाईंनी ते इतकं मनावर घेतलं होतं की नवऱ्याला त्या आता भाजी काय केली हेही सांगत नव्हत्या.

"शेठ!" त्या कळवळून म्हणाल्या. "तुम्ही ओटीपी विचारून राह्यले? तुम्ही? अहो, तुमच्या तराजूवर भरोसा ठेवून आम्ही जन्म काढला!"

सामान तसंच सोडून त्या गेल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बद्रीशेठ ओटीपी मागतेत. दोन दिवसांनी ठाण्यातला एक जमादार चहा प्यायला म्हणून आला. लहानपणी याच दुकानातल्या पोत्यांतले फुटाणे उचलून तो मोठा झालेला. टोपी काढून लाजत म्हणाला, "शेठ, तसं काही न्हाई. पण वरून विचारणा आल्ती." शेठजींनी त्याला चहा दिला, फुटाणे दिले, आणि कनिकाला सांगितलं की आता ही युक्ती बंद.

कनिका चिवट होती. रात्रभर विचार करून सकाळी ती सासूकडं आली. "मम्मीजी, हातात धरता येईल असं काहीतरी हवं."

"डबा," चंदनबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. बायकांना हातात धरायला आणखी काय हवं असतं?

अशी ती योजना ठरली. महिन्याचा किराणा घेणाऱ्या प्रत्येक घराला दुकानाच्या नावाचा स्टीलचा एक डबा भेट. पुढच्या महिन्यात तो डबा घेऊन यायचं, किराणा घ्यायचा आणि डबा खाऱ्या शेंगदाण्यांनी फुकट भरून न्यायचा. डबा रिकामा झाला की आपली आठवण आलीच पाहिजे, असं कनिकाचं गणित. शेठजी "वाटा फुकट" एवढंच म्हणाले. डब्यांवर नाव टाकायचं काम त्यांनी अंगदकडं दिलं. पलीकडच्या पेठेत त्याचं भांड्यांचं दुकान आहे आणि नाव कोरायचं मशीन तालुक्यात त्याच्याइतकं झरझर कोणी चालवत नाही. शेठजींनी त्याला हमालाच्या हाती नुसती चिठ्ठी पाठवली: 'शेठ बद्रीनारायण, किराणा व भुसार, अंबड'. बाकी काही लिहिलं नाही. शब्द जास्त खर्च करायची त्यांना सवय नव्हती.

आता अंगदच्या जागी कोणीही असतं तरी हेच झालं असतं. आपल्याकडं भांड्यांवर नावं पडतात ती दोन वेळेला. लग्नात आणि माणूस गेल्यावरच्या गोडजेवणाला. लग्न असेल तर दोन नावं येतात आणि वर चिरंजीव, सौभाग्यकांक्षिणी असतं. इथं नाव एकट्या पुरुषाचं, वय झालेलं, डबे गावजेवणाला पुरतील एवढे, आणि दिवस पितृपक्षाचे. अंगदनं आधी डोळे पुसले आणि मग मशीन चालू केलं. दरही कमी लावला. माणूस चांगला होता, म्हणाला.

डबे कागदात गुंडाळूनच आले आणि बाजाराच्या दिवशी शेठजींनी स्वतःच्या हातानं ते वाटले. लोकांनी घरी जाऊन कागद सोडला. डब्यावर कोरलेलं होतं: 'शेठ बद्रीनारायण, किराणा व भुसार, अंबड, यांचे स्मरणार्थ.'

चंदनबाईंनी उरलेल्यातला एक डबा उघडून पाहिला तेव्हा त्या मटकन खाली बसल्या, आणि मग पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की कनिका पाणी घेऊन धावत आली. पण बाहेर हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ज्यांनी डबा शेठजींच्या हातून घेतला ते बुचकळ्यात पडले आणि ज्यांच्या घरी तो दुसऱ्याकरवी पोचला ते सरळ रडले. दुसऱ्या दिवसापासून खेड्यापाड्यांतून पांढऱ्या टोप्या यायला लागल्या. माणूस जड चेहऱ्यानं दुकानाची पायरी चढायचा, समोर शेठजी तूरडाळ जोखत बसलेले दिसायचे, आणि तो जागीच थबकायचा.

"काय पाहिजे?" शेठजी विचारायचे.

दुखवट्याला भेटायला आलो असं कोणत्या तोंडानं सांगणार? "काही न्हाई शेठ... पाच किलो साखर द्या. आन् तेल द्या."

दहा-दहा वर्षांत न फिरकलेली गिऱ्हाइकं त्या आठवड्यात येऊन महिन्याचा किराणा घेऊन गेली. कनिका लॅपटॉपवरची चढती रेघ पाहून अवाक् झाली. तिच्या कंपनीत एवढी रेघ चढवायला सिनेमातली माणसं आणावी लागतात.

नंदाबाईंनी मात्र वेगळाच अर्थ लावला आणि तो त्यांच्याजवळ राहिला नाही. "शेठनं हुशारी केली," त्या पाण्याच्या टाकीजवळ म्हणाल्या. "पोरगा ऱ्हातो पुण्याला. करंल का न करंल. जिवंतपणीच आपलं दिवसपाणी आपल्या हातानं उरकून घेतलं."

हे शेठजींच्या कानावर आलं त्या दुपारी त्यांनी अर्धी पोळीही खाल्ली नाही. "गादीवर बसल्याबसल्या स्मरणार्थ झालो," ते म्हणाले. "आता इथं ऱ्हायचं तोंड कोणतं?" आणि त्यांनी टेंभुर्णीच्या काकासाहेबांना फोन लावला. काकासाहेबांना शेतीच्या औषधांचं दुकान टाकायला अंबडच्या बाजारात जागा हवी होती आणि ते वर्षभर मागं लागलेले होते. बोलणी एका बैठकीत झाली. पाडव्याला चावी द्यायची. शेठजींनी जबान दिली, आणि बद्रीनारायण शेठची जबान म्हणजे अंबडात रजिस्टर झालेला कागद.

त्या रात्री चंदनबाईंना झोप आली नाही. त्या नुसत्या भिंतीपलीकडचं झुंबरबाईंचं घोरणं ऐकत पडल्या.

आणि मग पहिला डबा परत आला.

घेऊन आल्या नंदाबाईच. डबा नवऱ्याकरवी घरी पोचला होता; ओटीपीवरून अजून रागावल्या होत्या, तरी आल्या. डबा कनिकाच्या हातात ठेवला तो जड लागला. उघडला तर आत कारळाची चटणी.

"काकू, रिकामा आणायचा होता," कनिका म्हणाली. "शेंगदाणे भरायचेत ना."

"रिकामा?" नंदाबाई मागं सरकल्या. "पोरी, रिकामा डबा कोणी परत देतंय का? आपलं काय वैर हाय?"

कनिकानं सासूकडं पाहिलं. चंदनबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. अग बाई, हे आपल्या कसं लक्षात आलं नाही! ज्या गावात वाटीभर कढी शेजारी पाठवली तर वाटी दोन दिवसांनी खिचडी घेऊन परत येते, त्या गावात आपण डबे वाटले, आणि वर अपेक्षा केली की बाया ते रिकामे घेऊन दुकानाची पायरी चढतील!

त्यानंतर डबे यायलाच लागले. धपाटे आले, सांडगे आले, शेंगोळे आले, आंब्याचं लोणचं आलं, आणि ठेचा तर इतक्या घरचा आला की दुकानात शिरल्याशिरल्या गिऱ्हाइकाला ठसका लागायचा. आता बद्रीनारायण शेठच्या घरात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. मग लसणाचे डबे भिंतीवरून झुंबरबाईंकडं. झुंबरबाई तरी ते रिकामे कशा देणार? त्यांनी त्यात भरली पुरणाची पोळी, आणि लसणाची चटणी आपल्याकडून पुढं धाडली बहिणीकडं. बहिणीनं आणखी कुणाकडं. डब्यांवर नाव एकच, तेही स्मरणार्थ, त्यामुळे कोणता डबा कोणत्या घरचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येईना. अंबडात त्या दिवसांत कोण काय खातंय आणि ते कुणी केलंय याचा पत्ताच राहिला नाही.

एके दिवशी नंदाबाई दुकानात आल्या आणि चारचौघींच्या पुढं एक डबा उघडून म्हणाल्या, "ही चटणी आमच्या घरी आली काल. कोण्या बाईनं केली कोण जाणे. मीठ किती टाकावं काही हिशोब? आईनं शिकवलंच न्हाई जणू."

झुंबरबाईंनी बोटावर चाटून पाहिली. "नंदा, ही तुझीच हाय. मागच्या मंगळवारी मीच पुढं धाडल्ती."

नंदाबाई त्या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीला आल्या नाहीत.

हे सगळं चाललेलं असताना चंदनबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. डबा घेऊन आलेली प्रत्येक बाई किराणा घेऊन जात होती. शेंगदाण्यांचं कुणी नावही काढत नव्हतं. डबा परत द्यायला यायचं, म्हणून यायचं. आणि यायचंच आहे तर तेल, साखर, डाळ इथूनच. कनिकाची लॅपटॉपवरची रेघ आता वर जायला जागा शोधत होती. बायपासच्या दुकानातून पिशव्या भरून नेणाऱ्या खुद्द दैवशालाबाई एका संध्याकाळी अवघडून पायरीवर उभ्या राहिल्या. हातात डबा. "भाभी," त्या पडद्याकडं बघून म्हणाल्या, "मी तर तुमच्याकडून डबा नेलाच नव्हता. हा माझ्या घरी कुठून आल्ता, मला ठाव न्हाई. पण तो घरात पडलाय तवापासून मला चैन न्हाई." डब्यात अनारसे होते.

शेठजींनी अनारसा खाल्ला. पण बोलले एवढंच, "जबान दिलीय."

दिवाळीच्या आधी काकासाहेब जागा बघायला आले. मोजमाप घेतलं, भिंती ठोकून पाहिल्या, आणि मग फळ्यांवर मांडलेल्या डब्यांकडं बोट करून विचारलं, "हे काय शेठ?"

शेठजींनी सांगितलं. काकासाहेब हळूहळू गंभीर होत गेले. शेवटी डोक्यावरची टोपी सारखी करून म्हणाले, "शेठ, दुकान घेतो. पण डबे न्हाई. माझी आई म्हणंल, दुसऱ्याच्या भरल्या डब्याचं ओझं कशाला अंगावर घेतलं? जागेबरोबर मागं लागलेलं काही नको. तुम्ही समदे डबे रिकामे करून जमा करा. एकबी भरलेला न्हाई, एकबी बाहेर न्हाई. मंग पाडव्याला चावी द्या."

अट वाजवी होती. शेठजींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी भोंगा लावलेली रिक्षा गावभर फिरली. "बद्रीनारायण शेठ यांच्या ग्राहक बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, दुकान बंद होणार असल्याने सर्वांनी आपापले डबे पाडव्याच्या दिवशी सकाळी रिकामे करून आणून द्यावेत. रिकामे करून आणून द्यावेत."

चंदनबाई अंगणात उभ्या राहून ऐकत होत्या. भिंतीपलीकडून नेहमीचं "आले, आले" झालं नाही. झुंबरबाई पलीकडंच होत्या, नाक ओढल्याचा आवाज येत होता. पण दोघींपैकी एकीनंही हाक मारली नाही.

पाडव्याला उजाडताच काकासाहेब येऊन तांदळाच्या पोत्यावर बसले. शेठजी नवं धोतर नेसून गादीवर बसले, चावी समोर ठेवून. पडद्याआड चंदनबाई उभ्या होत्या. त्यांचं सामान दोन ट्रंकांत बांधून झालेलं होतं.

आणि बाया यायला लागल्या.

आधी गल्लीतल्या, मग पलीकडच्या पेठेतल्या, मग एसटीतून उतरलेल्या. डोक्यावर पदर, हातात डबा.  डबा शेठजींपुढं ठेवायचा, हात जोडायचे, बाजूला व्हायचं. शेठजींनी पहिला उघडला. चकल्या. दुसरा उघडला. बेसनाचे लाडू. तिसऱ्यात शंकरपाळे, चौथ्यात चिवडा. "अहो, रिकामा सांगितला होता," ते म्हणाले. बाई म्हणाली, "हो, ऐकलं आम्ही," आणि बाजूला झाली. गादी भरली, मग फळ्या भरल्या, मग पोत्यांवर, मग पायऱ्यांवर, मग ओट्यावर. चंदनबाई पडद्याच्या फटीतून बघत होत्या. एवढी घरं! आपण या गावात पडद्याआड जन्म काढला आणि एवढ्या चुली आपल्याला ओळखतात? त्यांना वाटलं, हे डबे नाहीत, अख्खं अंबड चालत आलंय.

शेठजी झाकणं उघडतच होते. आता ते एक रिकामा डबा शोधत होते. एक तरी. गावात एका तरी घरात आपल्याबद्दल काही नसेल, म्हणजे जायला सोपं जाईल.

तेवढ्यात एक हलका डबा हातात आला. शेठजींचा चेहरा उजळला. आणणारी बाई पायरीखाली उभी होती, कपाळ मोकळं. उषाबाई. शेठजींनी झाकण काढलं. तळाशी चिमूटभर साखर होती.

"आमच्यात यंदा तळण न्हाई, शेठ," उषाबाई म्हणाल्या. "मालक गेले ना पितृपक्षात. पण रिकामा कसा आणू?"

 स्वतःच्या नावाचं दुःख करत शेठजी बसले होते त्याच दिवसांत हे झालं होतं, आणि उषाबाईंच्या दारात ते गेले नव्हते. त्यांनी झाकण लावलं. दोन्ही हातांनी लावलं. मग म्हणाले, "हा डबा इथंच ऱ्हाऊ द्या, बाई. संध्याकाळी मी घेऊन येतो. आम्ही दोघं येतो, भेटायला."

काकासाहेब पोत्यावरून उठले. "मंग शेठ, चावी?"

"काकासाहेब," शेठजी म्हणाले, "यातला एक तरी रिकामा दाखवा."

"अहो, त्या डब्यात चिमूटभर साखर हाय!"

"हाय ना?"

काकासाहेबांनी दुकानभर नजर फिरवली.

"अट तुमचीच हाय," शेठजी म्हणाले. "मी जबान मोडून ऱ्हायलो न्हाई. समदे रिकामे झाले की मीच फोन करतो. बराबर का न्हाई?"

 बायांच्या गर्दीत झुंबरबाईंना हुंदका आला, का हसू, ते कळलं नाही.

शेठजींनी मान वळवली आणि पडद्याकडं पाहून, सगळ्या गावादेखत म्हणाले, "अहो, बाहेर या जल्दी. यांच्या डब्यांत काय काय भरायचं, मला काय कळतंय?"

चंदनबाईंनी पडदा बाजूला सारला आणि त्या पहिल्यांदा गादीच्या बाजूनं पुढं आल्या. बायांनी त्यांना वाट करून दिली. त्यांनी समोरचा एक डबा उचलला, त्यात अनारसे रचले, वर दोन लाडू ठेवले, झाकण घट्ट दाबलं आणि तो काकासाहेबांच्या हातात दिला.

"आईसाठी न्या. लांबून आलात."

काकासाहेबांनी तो सवयीनं घेतला. पायरी उतरले, दोन पावलं गेले, आणि थबकले. डब्याकडं पाहिलं, मग वळून चंदनबाईंकडं.

"भाभी, हा परत..."

"सावकाश आणा," चंदनबाई म्हणाल्या.